मस्यू ओगुस्त यांचं करिअर आणि माझं मार्गदर्शन

मंगळवार, १७ जानेवारी २००६. संध्याकाळी ७.

गाडी बंद. ट्रान्समिशन गेलं. मेकॅनिक म्हणतो आठवडा लागेल. अमेरिकेत पिस्कॅटवेसारख्या गावात राहण्याचा एक फायदा म्हणजे युनिव्हर्सिटीची बस ऑफिसच्या दारावरून जाते, आणि त्यात कोणी तिकीट-ओळखपत्र काही विचारत नाही हे आपल्या प्रत्येक माणसाला इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळतं. बसलो. ड्रायव्हर साठीच्या पुढचे, उंच, भुवया पांढऱ्या. सिग्नलला बस थांबली की पुटपुटायचे. मला वाटलं जप चाललाय. कान देऊन ऐकलं तर फ्रेंच!

मला फ्रेंच येतं. अकरावी-बारावीला घेतलं होतं. (पुण्यात सायन्सचा हुशार मुलगा मराठी घेत नाही, मार्क जातात.) शंभरात ब्याण्णव. दहावीला मराठीत अडुसष्ट होते. म्हणजे हिशेबाने मी फ्रेंचच माणूस आहे.

उतरताना म्हणालो, बोंजूर मस्यू. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी उतरलोच नाही. पुढचे सहा स्टॉप ते फ्रेंचमध्ये बोलत होते आणि मी योग्य त्या ठिकाणी 'वी' म्हणत होतो. वी म्हणजे हो. शेवटी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. माझे उच्चार अजून शाबूत आहेत.

ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर.

बुधवार, १८ जानेवारी.

आज त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत टाइपरायटरवर टाइप केलेले चौसष्ट कागद. आणि इंग्रजीत विचारलं, मग प्रयोग कोणत्या महिन्यात? काल मी ज्याला ज्याला वी म्हणालो, त्यात हे होतं असं दिसतं.

नाव ओगुस्त. मी मस्यू ओगुस्त म्हणतो. ते मला मो म्हणतात. मोरेश्वरचं अमेरिकेत एवढंच उरतं. ते नाटककार आहेत. अकरा नाटकं लिहिली, सतराव्या वर्षापासून स्टेजवर कामं केली. कुठे, तर हैतीमध्ये. मी पॅरिस समजलो होतो. घरी येऊन नकाशा पाहिला. बेट आहे. लोकांना सांगताना 'फ्रेंच रंगभूमी' एवढंच सांगायचं ठरवलं. शेवटचा प्रयोग १९८७ साली. त्यानंतर टॅक्सी, मग ही बस. पंधरा सप्टेंबरला रिटायर होऊन फ्लोरिडाला मुलीकडे जाणार. जायच्या आधी एकदा तरी स्टेजवर, एवढं म्हणाले आणि बसचं दार बंद करायचं बटण दाबलं.

मी सांगितलं, तुमचं करिअर आता माझ्याकडे लागलं.

रविवार, २९ जानेवारी.

एक्सेलमध्ये प्लॅन केला. फेज वन: मराठी अनुवाद, फेब्रुवारीअखेर. फेज टू: आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रयोग, प्रमुख भूमिकेत मी. फेज थ्री: न्यू यॉर्क. सगळं ग्रीन.

आश्लेषाला दाखवला. तिने विचारलं अनुवाद कोण करणार. मी. तिने विचारलं तुला फ्रेंच येतं? मार्कलिस्ट पासपोर्टच्या फाइलमध्येच असते, काढून दाखवली. तिने वाचली आणि जिथली होती तिथे नीट ठेवली. बायकोला आपली किंमत नसते असं म्हणणार नाही. तिला माहिती कमी पडते.

निश्चय: रोज पहाटे साडेपाच, दहा पानं. साडेसहा दिवसांत विषय संपला.

शनिवार, ११ फेब्रुवारी.

अनुवाद: तीन ओळी. पण ओळी चांगल्या झाल्यात.

नाटकाचं नाव 'दार'. एक माणूस वीस वर्षांनी घरी येतो, दार वाजवतो. आत बायको. ती उघडत नाही. तो बाहेरून बोलतो, ती आतून. संपलं. दोन पात्रं, एक दार. पहाटे साडेपाचला थंडीत मेंदू चालत नाही असं शास्त्र आहे, म्हणून उद्यापासून साडेसात.

मॉलमधून फ्रेंच टोपी आणली, एका कानावर कलणारी, काळी. अबोली आठ वर्षांची आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिने विचारलं हॅलोविन आहे का.

स्टेटस: ग्रीन, किरकोळ रिस्कसह.

रविवार, ५ मार्च.

मस्यू ओगुस्तना जेवायला बोलावलं. प्रगती दाखवायची होती. प्रगती तीन ओळी, म्हणून जेवण भारी ठेवलं. भरली वांगी. त्यांनी चार खाल्ली. मी त्यांच्याशी फ्रेंच बोलतो, ते मला इंग्रजीत उत्तर देतात. त्यांना इंग्रजीचा सराव करायचा असावा.

जेवण झाल्यावर ते किचनच्या टेबलाशी बसून नाटक इंग्रजीत सांगायला लागले. नवरा पण तेच, बायको पण तेच. आश्लेषा भांडी घासत होती. नळ बंद केला, अबोलीची शाळेची वही ओढली आणि मराठीत लिहायला बसली. मी देखरेख केली. चार वाजेपर्यंत नऊ पानं झाली. त्यावरून ठरवलं की नाटकाची एकूण दृष्टी माझी, हमालीचं लेखन तिच्याकडे. तिला वेळही असतो. ऑक्टोबर २००० मध्ये आली ती माझ्या व्हिसावर, त्यावर नोकरी करता येत नाही. जळगावला आकाशवाणीत अनाउन्सर होती. कॅज्युअल. म्हणजे पर्मनंट नव्हे.

गुरुवार, २० एप्रिल.

दर रविवारी मस्यू येतात. आश्लेषा त्यांना ओगुस्तकाका म्हणते. अनुवाद पूर्ण, एक्केचाळीस पानं. मी स्वतः सगळा टाइप केला, दोन बोटांनी. मुखपृष्ठावर 'मराठी रूप: मोरेश्वर गद्रे. लेखनसाहाय्य: सौ. गद्रे'. पूर्ण नाव बसत नव्हतं.

आश्लेषाकडून कळलं की ओगुस्त सहा जणांची कंपनी घेऊन ट्रकमधून गावोगाव नाटक करायचे, वर्षातले आठ महिने बाहेर. मग देश सोडावा लागला. बायकोचे कागद यायला चार वर्षं लागली. कागद आले तेव्हा ती नव्हती. नाटक त्यानंतरचं, सिग्नलला थांबता थांबता लिहिलेलं. मला हे काही बोलले नाहीत. माझ्याशी हवामानावर बोलतात. प्रोफेशनल संबंध असेच असतात.

शेवट मी बदलला. मूळ नाटकात बायको दार उघडतच नाही. मला भात टाकायचाय म्हणते आणि जाते. आपला प्रेक्षक सहकुटुंब येतो. माझ्या शेवटात ती दार उघडते, वाकून नमस्कार करते आणि दोघं मिळून आरतीला येतात, तीच पुढे मंडळाची आरती. मस्यूंना सांगितलं. ते म्हणाले इंटरेस्टिंग. अमेरिकेत ही स्तुती असते.

शनिवार, १३ मे.

मंडळाच्या कमिटीपुढे मांडलं. नीलांबरी ही कल्चरल सेक्रेटरी. औषध कंपनीत आकडेवारी करते आणि मीटिंगला स्टॉपवॉच आणते. मी सव्वा तास मागितला. तिने पंचेचाळीस मिनिटं दिली. अडचण एकच निघाली: दोन पात्रं म्हणजे दोन कुटुंबं येणार, फॅशन शो ठेवला तर चाळीस येतात. मी जागच्या जागी चौदा मुलांना पक्षी म्हणून घातलं. हैतीत पक्षी असणारच.

मस्यूंना बरोबर नेलं होतं, मागच्या खुर्चीत चहा घेऊन बसले होते. नीलांबरीने विचारलं, हे स्वतः काम नाही करणार का? अडचणीचा प्रश्न. पण मंडळाची घटना लिहिणाऱ्या उपसमितीवर मी होतो, त्यामुळे कलम सात तोंडपाठ. मंडळाच्या रंगमंचावरील कार्यक्रम मराठीतच असावा. हे कन्सल्टंट आहेत, असं सांगून टाकलं. त्यांना मराठी कळत नाही ते बरंच आहे, ते माझ्याकडे बघून हसले.

आश्लेषाला कळतं. गाडीत घरापर्यंत बोलली नाही. तिला बंद गाडीत गुदमरतं.

शनिवार, १० जून.

आमच्या बेसमेंटमध्ये तालमी सुरू. बायकोच्या भूमिकेसाठी ठरवलेली बाई सुट्टीला नागपूरला गेली. पक्षी तर सगळेच इंडियाला उडाले. दोन उरले. एक अबोली, दुसऱ्याने नाही म्हटलं. पक्षी रद्द. बायको म्हणून तात्पुरती आश्लेषा उभी राहते. पाठांतर बरं आहे.

माझी पाठ पानं: एक. माझ्या संवादांची एकूण पानं: बावीस. दिवसाला अर्धं पान धरलं तरी जुलैत मोकळा.

स्टेटस: यलो. यलो हा ग्रीनचाच फिका प्रकार.

मंगळवार, ४ जुलै.

सुट्टी. आज सगळी भूमिका एका बैठकीत संपवायची ठरवली. मग कणसं भाजली. मग फायरवर्क्स.

पाठ पानं: एक. (उजळणी झाली.)

शनिवार, २२ जुलै.

मस्यू दिग्दर्शन करतात. मला म्हणाले कमी कर. मी कमी केलं. म्हणाले अजून कमी. हात खाली घेतले. अजून. मान हलवणं बंद केलं. अजून. शेवटी म्हणाले, गॅरेजमध्ये जाऊन सुरुवातीपासून आत ये, थकून आलेल्या माणसासारखा. गेलो. गॅरेजचं दार आपोआप लॉक होतं. वीस मिनिटं कोणाला आठवण नाही.

ते दोघं पुढचा प्रवेश करत होते. माझे संवाद ते फ्रेंचमध्ये बोलत होते, आश्लेषा मराठीत उत्तर देत होती. मी दाराला कान लावून ऐकलं. मध्येच ती इतका वेळ गप्प बसली की मला वाटलं चहा घेतायत. मी दार वाजवलं. दोघांनाही ते नाटकातलंच वाटलं.

निश्चय: गॅरेजच्या लॉकला तेल.

शनिवार, १२ ऑगस्ट.

आज सुलभाकाकू आल्या होत्या. नीलांबरीच्या सासूबाई, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्यात, घरात करमत नाही म्हणून लोकरीचं विणकाम घेऊन तालमीला बसतात. तिसऱ्या पानावर माझा घसा बसला. म्हणजे ओळ आठवेना तेव्हाच बसला. मस्यू म्हणाले, नुसतं उभं कसं राहायचं ते दाखवतो. प्लायवूडच्या दाराला तळहात लावला आणि उभे राहिले. अबोलीसुद्धा जिन्यावर येऊन थांबली. मग बोलले, फ्रेंचमध्ये, हळू. पलीकडून आश्लेषा.

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं, चष्मा काढला. मला म्हणाल्या, "मोरेश्वर, हा माणूस काय बोलतोय ते मला सगळं समजलं रे. तुझं मराठी आहे, तरी समजत नाही."

मी त्यांना कलम सात सांगितलं. त्या म्हणाल्या कोणी लिहिलंय ते, त्याला बोलव इकडे.

मंगळवार, १५ ऑगस्ट.

नीलांबरीचा फोन. आश्लेषाला. कमिटीने ई-मेलवर मतदान केलं, कलम सातला 'किमान पन्नास टक्के' असे शब्द जोडले. अकरा विरुद्ध एक. विरोधात कोण होतं हे कमिटीच्या ई-मेलमध्ये सगळ्यांना दिसतं, ही पद्धत बदलायला हवी.

म्हणजे नवरा ओगुस्त, बायको आश्लेषा. माझ्या मनात हेच होतं. सप्टेंबरमध्ये ऑफिसात क्लायंटचं सॉफ्टवेअर रिलीज आहे आणि मुख्य माणूस त्या वेळी दाराबाहेर रडत बसणं बरं नाही. संध्याकाळी आम्ही दोघं बस स्टॉपवर गेलो. बातमी मी स्वतः फ्रेंचमध्ये दिली. त्यांना कळली नाही. मग आश्लेषाने दिली. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, हातांवर कपाळ टेकलं. बाहेर विद्यार्थी बसच्या काचेवर टकटक करत होते.

त्या क्षणी मला थोडं कसंतरी झालं. दुपारी कॅफेटेरियातलं सँडविच खाल्लं होतं.

मी आता टेक्निकल डायरेक्टर. स्टेटस: ग्रीन.

रविवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी.

घरी मोदक. मंडळाचे गणपती नऊ सप्टेंबरला, तोवर देशातल्या बाप्पांचं विसर्जन होऊन तीन दिवस झालेले असतील. शाळेचा हॉल मिळतो तेव्हा आमचे बाप्पा येतात.

स्लॉट आता पंचवीस मिनिटं. फॅशन शोला माणसं वाढली. आश्लेषा आणि मस्यूंनी बसून नाटक कापलं. शेवट मूळचा ठेवला. मी हरकत घेतली नाही, कारण विचारलं नव्हतं.

मोठा प्रश्न: दार. सात फुटी प्लायवूड, चौकटीसकट. स्टेजच्या मधोमध उभं करायचं, प्रेक्षकांना त्याची नुसती कड दिसेल असं. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. पण ते उभं राहत नाही. शाळा स्टेजला स्क्रू मारू देत नाही, विटा आणू देत नाही, दोर बांधू देत नाही. मी तीन ड्रॉइंग्ज केली. पहिलं पडलं. दुसरं अबोलीच्या सायकलवर पडलं. मस्यू म्हणाले, आमच्या कंपनीत एक माणूस दार धरायचा. सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

ज्या दारावर अख्खं नाटक उभं आहे ते कुणाच्याही हातात देऊन चालत नाही. मी होकार दिला.

रविवार, ३ सप्टेंबर.

रंगीत तालीम. मला काळा शर्ट, काळी पँट, हातांत काळे मोजे. पायातलेच, हातात घातले. टोपी काळीच आहे, राहू द्या म्हटलं, पण मस्यूंनी स्वतःच्या हाताने काढून माझ्या खिशात ठेवली. दाराच्या मागे उकिडवं बसायचं आणि दोन्ही हातांनी चौकट धरायची. पंचवीस मिनिटं. आज सात झाली, मग गुडघ्याने आवाज दिला.

निश्चय: रोज पन्नास बैठका. आजच्या: सहा.

माझ्या एका हाताला मस्यू, एका हाताला आश्लेषा, दोघंही फुटाच्या अंतरावर. स्टेजचा बरोबर मध्य माझ्याकडे आलाय. हे कोणाच्याच लक्षात आलेलं नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर. सकाळी ६.

आज. कॅमकॉर्डरची बॅटरी चार्ज केली. ट्रायपॉड लावून अबोलीला उभं करायचं, बटण कुठलं ते तीनदा शिकवलं. मस्यूंच्या शेवटच्या प्रयोगाची पुढच्या पिढ्यांसाठी हीच एक नोंद राहणार. मी अगदी शांत आहे. चार वेळा बाथरूमला जाऊन आलो.

रविवार, १० सप्टेंबर. सकाळी ९.

खरं ते लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

आरती लांबली, भाषणं लांबली, नीलांबरी स्टॉपवॉच घेऊन विंगेत येरझाऱ्या घालत होती. हॉलमध्ये चारशे लोक, खुर्च्यांच्या मधून धावणारी पोरं, बाहेरून मसालेभाताचा वास. पडदा उघडला. मी बसलेलो. मस्यू चालत आले, दाराशी थांबले, तळहात लावला. त्यांच्या हाताचं वजन मला चौकटीतून कळत होतं. ते काय पात्र नव्हतं, ते स्वतः होते. पहिलं फ्रेंच वाक्य आलं आणि मागून कोणीतरी हसलं. दुसऱ्या वाक्याला कोणी हसलं नाही. नंतर पोरंसुद्धा थांबली.

मग आश्लेषा बोलायला लागली. हा आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. मला तिचा गॅस बंद कर आणि दूध संपलंय एवढाच आवाज माहीत. जळगावात लोक रेडिओ मोठा करून ऐकत असतील, असा आवाज आहे हा.

मस्यूंचं लांबलचक भाषण झालं, ट्रक, गावं, टाळ्या, पाऊस, सगळं. मग आश्लेषा वळली. प्रेक्षकांकडे नाही, दाराकडेही नाही. खाली, माझ्याकडे.

"तू बाहेर काय काय केलंस ते सगळं सांगितलंस. मी आत काय करत होते, ते नाही विचारलंस."

ही ओळ नाटकातली आहे. पान अठरा. मीच टाइप केली आहे, दोन बोटांनी. वाचली नव्हती.

आणि माझं नाक वाहायला लागलं. डोळे नाही, डोळे पण. दोन्ही हात चौकटीला. मी नाक वर ओढलं, थांबेना. शर्टाच्या खांद्याला पुसायला गेलो, पोचेना. शेवटी एक हात काढला, फक्त एक सेकंद. दार गेलं.

मस्यू एक पाऊल मागे सरकले, फक्त एक. सात फूट प्लायवूड त्यांच्या बुटांपुढे धाडकन आडवं पडलं. धूळ उडाली. आता ते दोघं समोरासमोर, मध्ये काही नाही. म्हणजे मी होतो, उकिडवा, नाकाला मोजा लावून. कोणी हसलं नाही. मस्यूंचा हात वर तसाच राहिला होता, दार असायचं तिथे. आश्लेषाने त्यांच्याकडे पाहिलं. इतकं पाहिलं की मला वाटलं आता ही नाटक बदलणार. मग म्हणाली, "मला भात टाकायचाय," आणि आत निघून गेली. ते एकटेच उभे. दार नसलेल्या घरासमोर, हात वर करून. जाऊ शकत होते आत. गेले नाहीत.

पडदा. लोक उठले. आमच्याकडे लोक उठतात ते जेवणाच्या रांगेसाठी. काल उठले आणि जागेवरच उभे राहिले. मस्यू तीन वेळा वाकले. विंगेत आल्यावर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी माझ्या हातातल्या मोज्यासकट हात धरून ठेवला. बोललो नाही. मला फ्रेंच येत नाही.

जेवताना सगळे एकच बोलत होते: दार पाडण्याची काय कल्पना! मी अकरा जणांना सांगितलं की तो टेक्निकल डायरेक्टरचा निर्णय होता.

शनिवार, १६ सप्टेंबर. दुपार.

मस्यू काल रिटायर झाले, आज फ्लोरिडाला गेले. न्यूअर्क विमानतळावर सोडून आलो. चौसष्ट कागदांची पिशवी त्यांनी आश्लेषाला दिली. माझ्याशी शेकहँड केला आणि म्हणाले थँक्यू मो, यू वेअर अ गुड डोअर.

नीलांबरीचा ई-मेल. पुढच्या वर्षीचं नाटक आश्लेषाने लिहावं अशी कमिटीची विनंती. मला सीसी.

घरी येऊन तिघांनी व्हिडिओ लावला. सुरुवातीला पडदा, मग स्टेज, मग झूम. झूम होत होत माझ्यावर आला आणि पंचवीस मिनिटं माझ्यावरच राहिला. मस्यू नाहीत. आश्लेषा नाही. अधूनमधून एक बूट आणि साडीची कड. मी ओरडलो तशी अबोलीने इंग्रजीत समजावलं की बाकीच्यांना सगळे बघतच होते, बाबांना कोणी बघत नव्हतं, म्हणून तिने बाबा घेतले.

पंचवीस मिनिटं फुल फ्रेम. कोणत्याही हिरोला मिळत नाही. आवाज मात्र दोघांचे स्वच्छ आलेत. त्या ओळीला माझा चेहरा कसा होतो ते दिसतं. मोजा नाकाकडे जाताना दिसतो. आश्लेषाने तेवढा भाग मागे घेऊन परत पाहिला. पुन्हा एकदा. मग विचारलं, दार सोडलं होतंस की सुटलं? तोंडाशी टेक्निकल डायरेक्टर आलं होतं. गिळलं.

म्हणालो, "सुटलं. तू आत काय करत होतीस?"

तिने टीव्ही बंद केला. अबोलीला वर खेळायला पाठवलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि ऑक्टोबर २००० पासून सांगायला सुरुवात केली.

संध्याकाळी ७.

पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आलोय, पाच मिनिटांत परत बोलावलंय. चार तास झाले. मध्ये बोलायला परवानगी नाही. आम्ही अजून मार्च २००१ मध्ये आहोत, आणि आत्तापर्यंत माझा उल्लेख दोनदा आलाय. दोन्ही वेळा ओल्या टॉवेलवरून.